हुकूम आणि चामडं

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी भिलाईला परतलो, तेव्हा पेन्शनचे कागद आणि लोकांना सुधारण्याची खाज, एवढंच सोबत आणलं होतं. कागद ट्रंकेत राहिले. खाज महिनाभरातच बाहेर आली. बायको म्हणायची, "अजी, घर हाय हे, बराक नाही. चपला एका लायनीत नाही लावल्या तं काय दुश्मन येऊन राहिला काय?"

आमचं घर भिलाईतल्याच कुरुदला. वडील भंडाऱ्याकडचे. रेल्वेत गँगमन म्हणून लागले, दुर्ग लायनीवर सगळी नोकरी काढली आणि शेवटी इथेच चार भिंती उभ्या केल्या. मी परतलो तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी बसून माझं डोकं फिरायला लागलं, आणि माझ्यामुळे बायकोचंही, म्हणून जवळच हथखोजला एका कारखान्यात सिक्युरिटीत लागलो. फौजी दिसला की त्याच्या हातात शिट्टी आणि रजिस्टर देऊन त्याला गेटवर उभं करायचं, अशी आपल्याकडे रीतच आहे.

कारखाना चामड्याचा होता. वेल्डर, गॅस-कटर चालवणारे, गरम पत्रा उचलणारे लोक वापरतात ते जाड हातमोजे, एप्रन आणि पायावर बांधायचे पट्टे तिथे बनायचे. कमावलेलं करडं चामडं बाहेरून यायचं, त्याचे गठ्ठे शेडमध्ये रचलेले असायचे, आणि त्यांचा वास गेटपर्यंत यायचा.

त्या वासाबद्दल आताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं घराणं मूळचं चामड्याचं काम करणारं. आजोबा मोटा शिवायचे, जोडे करायचे आणि गावाच्या कडेला राहायचे. वडील रेल्वेत लागले त्या दिवशी त्यांनी आजोबांची रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, विहिरीत फेकली, असं आई सांगायची. आम्हा भावंडांना वडिलांनी एकच नियम घालून दिला होता. चामड्याला हात लावायचा नाही. जोडा तुटला तर बाहेर दुरुस्तीला द्या, घरी टाका घालायचा नाही. फौजेत मी वर्षानुवर्षं बूट पॉलिश केले, पण तो हात पॉलिशला लागला, चामड्याला नाही, अशी मनाची समजूत घालून घेतली होती. गेटवरच्या नोकरीत चामड्याशी संबंध नव्हता, म्हणून मी ती धरली.

पण मालकीणबाईंनी मला गेटवर राहू दिलं नाही. नवरा गेल्यावर त्या एकट्या कारखाना चालवत होत्या. हिंदी बोलायच्या, भराभर बोलायच्या, आणि सकाळी आठच्या कामाला लोक नऊला येतात म्हणून रोज डोक्याला हात लावून बसायच्या. दोन ट्रकवाल्यांचं भांडण मी गेटवर आवाज न चढवता मिटवलं, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझर झालो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी त्याच संध्याकाळी बाजारातून पुठ्ठा आणि मार्कर घेऊन घरी गेलो.

फौजेत बढतीच्या आधी एक कोर्स करावा लागतो. तुकडी सांभाळणाऱ्याच्या अंगी काय काय असावं, याची यादी आमच्या उस्तादाने आमच्याकडून इतकी घोकून घेतली होती, की झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता यावी. ती मी पुठ्ठ्यावर हिंदीत उतरवली आणि शेडच्या भिंतीवर लावली. आपण पुढे राहा, मग माणसं मागे येतील. आपली माणसं ओळखा. हुकूम साफ द्या आणि तो समजला का ते बघा. चूक झाली तर ती आपली, शाबासकी मिळाली तर ती माणसांची. आणखीही बरंच होतं. शिलाईच्या मशिनींवर बसणाऱ्या बायकांनी ते वाचलं आणि तोंडाला पदर लावला.

आम्ही सगळे मिळून चौदा होतो. मी रोज सकाळी अंगणात फॉल-इन घ्यायला लागलो. एका ओळीत उभं राहायचं, हजेरी द्यायची, दिवसाचं काम ऐकायचं आणि मग आत जायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ते गमतीत घेतलं, पण तिसऱ्या आठवड्यात आठ वाजता ओळ उभी असायची. मी सगळंच चुकीचं केलं असं नाही, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. पिण्याच्या पाण्याची टाकी धुऊन घेतली. मशिनींचे पट्टे उघडे होते, त्यांवर जाळ्या बसवल्या. फौजेत चांगला अफसर जवानांच्या आधी जेवत नाही, म्हणून मीही सगळ्यांचे डबे संपल्यावर माझा डबा उघडायचो. शिलाईची मुख्य कारागीर छत्तीसगढी बाई होती, सगळे तिला दीदी म्हणत. ती घरी जाऊन सांगायची, "हमर साहब हमर पाछू खाथे." ते माझ्या कानावर आलं तेव्हा छाती दोन इंच फुगली.

चुकलो ते काकाजींच्या बाबतीत.

काकाजी म्हणजे हेड कटर. सत्तरीकडे झुकलेला, किडकिडीत, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. तोही नागपूरकडचा मराठी माणूस आणि कुरुदलाच, आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहणारा. चामड्याचा नवा गठ्ठा आला की तो एकेक चामडं टेबलावर पसरायचा आणि नुसता बघायचा. टेबलाभोवती फिरायचा. उलट्या हाताने चामड्यावरून हात फिरवायचा, अंगठ्याने दाबायचा, कडेचा भाग चिमटीत धरून ताणायचा, मग खडूने कुठेतरी फुली मारायचा. अर्धा अर्धा तास रापी हातात घ्यायचा नाही. आणखी एक प्रकार होता. प्रत्येक नव्या मालाची पहिली जोडी शिवून झाली की तो ती स्वतः घालायचा, अंगणातल्या शेगडीवर लोखंडी सळई तापवायचा आणि ती पकडून मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हणायचा. सगळ्या बाया काम सोडून बघायला यायच्या. जो कापेल तोच आधी धरेल, हा त्याचा आधीपासूनचा नेम होता. माल पास झाला की प्रत्येक मोज्याच्या आतल्या बाजूला तो टोच्याने तीन बारीक भोकं पाडायचा. ते त्याचं निशान. आमचं गिऱ्हाईक ती भोकं बघून माल उतरवून घ्यायचं.

माझ्या डोळ्यांना यात फक्त वेळेची नासाडी दिसली. आणि फौजेत एक गोष्ट माझ्या हाडात भिनलेली होती. सेक्शनमधल्या, म्हणजे छोट्या तुकडीतल्या, प्रत्येकाला शेजाऱ्याचं काम आलं पाहिजे. मशिनगनवाला पडला तर शेजारचा ती उचलतो, तिथे चर्चा होत नाही. इथे मात्र काकाजी आणि त्याच्या हाताखालचे दोघे आजारी पडले की बाकीची अकरा माणसं हातावर हात धरून बसायची. मी ठरवलं की सगळ्यांनी सगळं शिकायचं. आठवड्याला कामं बदलतील. शिलाईच्या बाया कापतील, कापणारे शिवतील. मापाचा फर्मा चामड्यावर ठेवायचा, कडेने कापायचं आणि पुढचं घ्यायचं. शेगडी बंद, कारण ती सेफ्टीच्या विरुद्ध. तीन भोकांचा टोच्या टेबलावर दोरीने बांधलेला राहील, जो कापेल तो पाडेल. निशान कारखान्याचं आहे, एका माणसाचं नाही, असंही मी वर सांगितलं.

हे सगळं मी फॉल-इनमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं. आणि जाता जाता म्हणालो, "काकाजी, चमडा पाहाले नाही, कापाले आला हाय."

सगळे हसले. काकाजी म्हणाला, "जी."

फौजेत 'जी' ऐकलं की पुढचं बघावं लागत नाही. मी निश्चिंत झालो.

तीन-चार महिने मजेत गेले. माल दीडपट निघायला लागला. मालकीणबाईंनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला दोन दिले. काकाजी शिलाईच्या मशिनीवर पाठीला बाक देऊन बसायचा, त्याचे टाके वाकडे जायचे आणि बाया त्याला चिडवायच्या. तो पुढचा मोजा उचलायचा. दीदी कापायची, चांगली भराभर कापायची. मी हात पाठीमागे बांधून टेबलांमधून फिरायचो. चामड्याला मी तेव्हाही कधी बोट लावलं नाही. कुणाला काही दाखवायचं असलं तर हातातल्या छडीने दाखवायचो.

मग एका दुपारी एक माणूस आला. आमचा माल घेणारं फॅब्रिकेशनचं एक वर्कशॉप होतं, तिथला. त्याने पिशवीतून एक हातमोजा काढून मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवला. मोज्याचा तळवा भाजलेल्या पापडासारखा आखडून कडक झाला होता. त्यांच्या एका वेल्डरने गरम पट्टी उचलली, तसं चामडं आवळलं आणि त्याला हात बाहेर काढता येईना. शेजारच्याने मोजा ओढून काढला म्हणून दोन बोटांवर फोड येऊनच निभावलं. वर्कशॉपचं म्हणणं असं की या मालाचे सगळे मोजे परत घ्या, आणि चूक कुणाची होती व त्याला कामावरून काढलं, असं लिहून द्या. नाहीतर यापुढे माल नको.

मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. मोजा उलटा करून बघितला. आत तीन भोकं होती. ती आता जो कापेल तो पाडतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"काकाजी, निशान तो आपका है ना?"

काकाजीने मोजा हातात घेतला. तळव्यावर अंगठा दाबला, एक कड ताणली. त्याला लगेच समजलं, आणि तो बघतोय कुठे हे बघून मलाही समजलं. त्याची नजर दीदीवर गेली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाचं ढिलं. पोटाच्या चामड्याचा तळवा करायचा नसतो, त्याचा फार तर मनगटाचा भाग करतात, कारण आच लागली की ते आखडतं. खडूच्या फुल्या यासाठी होत्या. सळईही यासाठीच होती. दीदीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

"जी," काकाजी म्हणाला, "निशान माहं हाय."

मी बोलायला हवं होतं. दोन पावलांवर उभा होतो. पण मी मूग गिळून उभा राहिलो. नवी नोकरी, नवा मान, लोक साहेब म्हणतात; खरं सांगायचं तर मी भ्यालो. बावीस वर्षं वर्दी घातलेला माणूस एका करड्या मोज्याला भ्याला. काकाजीने रापी फडक्यात गुंडाळली, सायकल काढली आणि तो निघून गेला. जाताना त्याने मला नमस्कार केला, आणि तो मला लागला.

संध्याकाळी घरी मी विनाकारण तणतणलो. भाजीत मीठ कमी, नळ गळतोय, दार नीट लागत नाही. बायको थोडा वेळ ऐकून घेत राहिली. मग तिने विळी बाजूला ठेवली.

"कावून चिडून राहिले? काय झालं ते सांगा सरळ."

मी सांगितलं. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "म्हंजे फौजेत तुमाले नुसतं ओरडनंच शिकवलं काय? मार खायचं नाही शिकवलं?"

मला तिचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो. आणि तळ्यापर्यंत चालत जाऊन परत येईतो मला हे समजलं होतं की ती बरोबर बोलली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलं होतं की चूक आपली, आणि पहिली चूक झाली तेव्हा ती मी सत्तरीच्या माणसाच्या सायकलवर बांधून पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी मी मालकीणबाईंच्या समोर उभा होतो. हुकूम माझा होता, कामं बदलायची मी ठरवली, शेगडी मी बंद केली आणि काकाजीने तो तळवा कापलेलाच नाही, हे सगळं सांगितलं.

"चिट्ठी में एक ही नाम जाएगा," त्या म्हणाल्या. "सोच लो."

मी तिथेच बसून चिठ्ठी लिहिली. वर्कशॉपच्या नावे, माझ्या अक्षरात, माझ्या नावाने: चूक माझी, आणि मला सुपरवायझरच्या जागेवरून काढलं. त्यांनी ती दोनदा वाचली आणि घडी घातली.

"तो सुपरवाइज़र नहीं रहोगे. गेट पे जाओगे?"

मी म्हणालो, काकाजी परत आले तर त्यांच्या हाताखाली कटिंगला बसेन.

"और नहीं आए तो?"

काकाजीशिवाय चामडं ओळखणारं तिथे कुणी नव्हतं, आणि कारखाना बंद पडला असता तर चौदा घरांची चूल विझली असती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण मला त्या क्षणी चौदा घरं दिसत नव्हती. मला फडक्यात गुंडाळलेली रापी दिसत होती. या वयात त्याला दुसरीकडे कुणी टेबलाशी उभं करणार नव्हतं, आणि ते मी केलं होतं.

मी सायकल काढून कुरुदला गेलो. काकाजी दारात बसून शेजारणीच्या चपलेला टाका घालत होता. मला बघून उठला, आतून खुर्ची आणली, पाणी आणलं. आदराने एखाद्याला लांब ठेवता येतं, हे मी फौजेत शिकलो होतो, तिथे समोरून अनुभवलं.

"काकाजी, हुकूम माहा होता. मी चिठ्ठीत माहं नाव देल्लं."

"आयकलं. दीदी येऊन गेली. रडून राहिली होती बिचारी."

"तुमी तवाच कावून नाही बोलले? फॉल-इनमध्येच सांगाचं होतं, साहेब, हे चुकून राहिलं म्हनून."

त्याने टाका ओढला. "कोनाले सांगाचं होतं? तुमी इचारलं काय? आमाले हुकूम नवा नाही, साहेब. माह्या बापानं हुकूम आयकला, आज्यानं आयकला. मान हालवाची आन काम कराचं. तुमचा जवान 'जी' म्हनते तवा त्याले ते पटलं असते. आमचं 'जी' तसं नसते."

त्याने दोरा दाताने तोडला.

"एक गोष्ट मी इचारू? इतके महिने झाले, तुमी चमड्याले बोट नाही लावलं. कावून?"

मी आजोबांची रापी आणि वडिलांचा नियम, सगळं सांगितलं. याआधी बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तो मान हलवत ऐकत होता, जणू हे सगळं त्याने आधी ऐकलेलं आहे.

"मले ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुमच्या गावाचं नाव आयकलं, आडनाव आयकलं, तवाच समजलं. कोनाले सांगतलं नाही. तुमच्या बापानं रापी फेकली ते बरंच केलं. पोट्टे शिकले, फौजेत गेले, चांगलं झालं. पन ज्या कामाची लाज वाटते, त्या कामाचा हुकूम कसा देता येईन जी?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तो आला आणि लगेच उतरून गेला, कारण त्याला बसायला जागाच उरली नाही. मग मला लाज वाटली. वडिलांची नाही, चामड्याची नाही. माझी.

काकाजीने चप्पल शेजारणीच्या पोरीला दिली आणि हात पुसले. म्हणाला, "माल परत येऊन राहिला ना? एकेक पंजा हातानं पाहा लागन. मी येतो. पन तुमी बी बसा, खाली, आमच्यासंग. छडी घरी ठेवा."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. माल पोत्यांमध्ये भरून परत आला, आणि आम्ही सगळे जमिनीवर पोती अंथरून पाच दिवस मोजे तपासत बसलो. त्या पाच दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा चामडं हातात घेतलं. सुरुवातीला बोटं आपोआप मागे यायची. पहिल्या दुपारी नाकात तो वास भरला आणि मला वडिलांची इतकी आठवण आली, की पाणी प्यायचं निमित्त करून मी टाकीमागे जाऊन उभा राहिलो. ते रागावले असते, हे मला माहीत होतं. पण त्यांनीही गँगमध्ये वर्षानुवर्षं हाताने गिट्टी उचलली होती. हाताने काम केलं म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या नावावर चूक ढकलली म्हणून ते जास्त रागावले असते, असं मी स्वतःला सांगितलं आणि परत येऊन बसलो. ढिले तळवे कापून बाजूला टाकायचं काम काकाजीने मला दिलं होतं. दीदी समोर बसून मला चिडवायची, की फौजी साहेबांना आता मोजे मारायला बसवलंय.

नवा माल काकाजी आणि त्याचे दोघे यांनीच कापला. शेगडी पेटली, वर्कशॉपचा माणूस बघायला आला, आणि काकाजीने त्याच्यासमोर सळई धरून विसाऐवजी तीसपर्यंत आकडे म्हटले, थोडा भाव खाण्यासाठी. त्या माणसाने मग स्वतः मोजे चढवून बघितले. त्यांनी आधी थोडा माल घेतला, मग नेहमीचा घ्यायला लागले. काकाजी आजही हेड कटर आहे, टोच्या त्याच्या खिशात असतो. सुपरवायझर कुणीच नाही. पाण्याची टाकी आणि मशिनीच्या जाळ्या मात्र राहिल्या, आणि पुठ्ठाही राहिला. तो काढायला मी गेलो तेव्हा दीदीनेच काढू दिला नाही. म्हणाली, बातें तो अच्छी हैं.

पण मला खरं सांगायची आहे ती काकाजी परत आला ती सकाळ. पोती अंगणात उतरवलेली होती. मी आता सुपरवायझर नव्हतो, त्यामुळे फॉल-इन घ्यायला कुणी नव्हतं. तरी आठ वाजले आणि सवयीने बाया ओळीत उभ्या राहिल्या. कापणारे दोघे उभे राहिले. मीही जाऊन सर्वांत शेवटी उभा राहिलो. समोरची जागा रिकामी होती. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग दीदीने काकाजीला हाताला धरून पुढे नेलं आणि ओळीसमोर उभं केलं.

त्याला काय करावं ते कळेना. सावधान म्हणावं का, हजेरी घ्यावी का. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मालकीणबाई खिडकीत येऊन उभ्या होत्या.

शेवटी तो खाकरला आणि म्हणाला, "कोनाले काई इचाराचं हाय काय?"

अशा ओळीत आणि ओळीसमोर मी बावीस वर्षं उभा राहिलो, पण हा प्रश्न मी कधी केला नव्हता. उस्तादाने जी यादी घोकून घेतली, तीतही तो नव्हता. ओळीत चुळबूळ झाली. मी हात वर केला.

"काकाजी, पाठीचा चमडा कोनता आन पोटाचा कोनता, ते मले अजून ओळखू येत नाही. सांगता काय?"

बाया खुदखुदल्या. काकाजी ओळीच्या टोकापर्यंत चालत आला आणि माझ्यासमोर थांबला. इतके महिने त्याने मला साहेब म्हटलं होतं, तुमी म्हटलं होतं, नमस्कार केला होता. आता त्याने चष्म्यावरून माझ्याकडे नीट बघितलं, घरातल्या पोराकडे बघावं तसं, आणि हसला.

"तुले येत नव्हतं," तो म्हणाला, "तं पहिल्याच दिवशी इचाराचं होतं ना बापा."